सलीमभाईंचं मॅचिंग

सलीमभाईंना माती देऊन घरी आलो आणि दारातच बायकोची नजर माझ्या पायांकडे गेली. डाव्या पायात माझी काळी चप्पल, उजव्या पायात कुणाची तरी तपकिरी. भाईंच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, त्यात माझे डोळे भरलेले... पण खरं सांगायचं तर कोरड्या डोळ्यांनीही मी असले पराक्रम करतो. केजमध्ये आणखी एक माणूस अशीच जोडी घालून फिरत असणार. बायको म्हणाली, "अहो, भाईंच्या मयतीला तरी मॅचिंग घालून जायचं हुतं!" आणि तो शब्द तोंडातून गेला तशी ती उंबऱ्यावरच बसून रडायला लागली.

केजच्या बाजारात सलीमभाईंचं मॅचिंग सेंटर. अस्तर, फॉल, परकर, ब्लाऊजपीस. इंग्रजी त्यांना जवळपास या एका शब्दापुरतंच येत होतं, पण त्याच्यावर त्यांनी अख्खी उमर काढली. साडीला पीस मॅचिंग हे सगळेच म्हणतात. भाईंच्या लेखी चहालासुद्धा खारीच मॅचिंग होती, बिस्कीट नाही. जवळच्या युसूफ वडगाव गावात बैलजोडी बघितली की म्हणायचे, "शिंगं जमली, पर चालीत मॅचिंग न्हाई." गल्लीतल्या पोरीला स्थळ आलं की बाकीचे जमीन विचारायचे, भाई विचारायचे, "हसण्यात मॅचिंग हाय का?" निवडणुकीत सगळ्या पार्ट्यांची उपरणी त्यांच्याच दुकानातून जायची. "आपलं समद्यांशी मॅचिंग!" आमच्या जोडप्याबद्दल मात्र एकदा तोंडावर म्हणाले, "दत्ता, तुझं न् भाभीचं मॅचिंग काई खरं न्हाई. पर कॉन्ट्रास लई भारी हाय बे!"

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, ऑपरेशनच्या वेळी बीडच्या दवाखान्यात रक्त लागणार होतं. भाई दुकान बंद करून जीपनं आले ते बाही वर करूनच. तपासणीत त्यांचं रक्त जुळेना. असे हिरमुसले, की अण्णांच्या आधी यांनाच खाट द्यावी असं वाटलं. "उमर गेली लोकांचं मॅचिंग करण्यात, अन् घरच्या कामाला..." दुसऱ्या कुणाला तरी जमेल म्हणून रक्त देऊन आले, आणि अण्णा घरी येईपर्यंत त्यांनी दुकान उघडलं नाही.

भाईंचा चाळिसावा दिवस झाला तरी दुकानाचं शटर खालीच होतं. भाईंना एकच लेक, शबाना. तिच्या चुलत्यांचं म्हणणं, पोरीनं बाजारात बसायचं नाही. मोबाईलवाला दुकान भाड्यानं मागतोय, देऊन टाकू. शबाना म्हणाली, "एक महिना बसू द्या. न्हाई जमलं तर द्या कुणालाबी." पहिल्या दिवशी दोघे चुलते गल्ल्याशेजारी खुर्च्या टाकून परीक्षा घ्यायला बसले. बोहणी आपल्या हातची व्हावी म्हणून आम्ही सकाळीच गेलो. बायकोनं जांभळी साडी आणली होती. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत लावायचं नसतं, हा अख्ख्या बाजाराचा नेम.

शबानानं थप्पीतून पीस काढला. मला तर सेम टू सेम वाटला. मी खिशात हातही घातला. पण भाईंचा ट्यूबलाईटवर कधी विश्वास नव्हता, आणि तिचाही नसावा. ती साडी आणि पीस घेऊन बाहेर पायऱ्यांवर गेली, दोन्ही उन्हात धरली आणि मान हलवली.

"काकू, हा न्हाई देत. जरा लालसर मारतोय."

"अगं, बोहणी हाय!" मोठा चुलता खुर्चीतून उठलाच.

"चालतंय गं," मीही म्हणालो, "कोण बघतंय?"

"घालणार काकू हायत, काका. तुमी न्हाई." तिनं घडी घालून साडी बायकोच्या हातात दिली. "गुरुवारी माल येतोय. तवा या."

चुलत्यांची तोंडं बघवेनात. रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक परत लावलं. गेलं म्हणायचं दुकान मोबाईलवाल्याला..."

बायको साडी पिशवीत सारत म्हणाली, "का म्हून जाईल? मी तर गुरुवारी येणारच हाय. अन् येताना शेजारच्या दोघींनाबी आणणार हाय."