आयलाऊचे तीन डाव

वसमतच्या बसस्टँडकडून मोंढ्याकडे जाताना डाव्या हाताला 'पाईकराव बॅटरी' नावाचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. रत्नपाल पाईकराव हा त्या दुकानाचा मालक, आणि त्याआधी माझा विद्यार्थी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले आणि त्याचं कॉलेज सुटलं. हुशार होता असं मी म्हणणार नाही. सनावळ्या हमखास चुकायचा. पण सैन्य कुठून आलं, नदी कुठल्या हाताला होती, घोडदळ कुठं अडून बसलं, हे एकदा सांगितलं की त्याच्या डोक्यात नकाशा तयार. युरोपचा इतिहास बाकीची पोरं मार्कांपुरता वाचायची. हा नेपोलियनच्या लढाया विचारायला स्टाफरूमच्या दाराशी उभा राहायचा.

वीस वर्षांनी तो माझ्या घरी आला आणि आगपेटीतून बोटाच्या पेराएवढा एक सैनिक काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"मॅडम, बटनं मोजा."

मोजली. आठ होती. किती असायला हवीत हे मला माहीत नव्हतं, त्याला होतं. परदेशात मोठी माणसं असल्या बाहुल्या टेबलावर मांडून जुन्या लढाया पुन्हा लढतात, त्याचे छापील नियम असतात, हे त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं होतं. ते इंग्रजी नियम मी मराठीत आणले आणि त्यातला निम्मा फापटपसारा कापून टाकला. एक सैनिक म्हणजे शंभर माणसं. पायदळ एका डावात सहा इंच चालणार, घोडदळ बारा. गोळीबार लागला की चुकला ते फाशांवर. मेलेले पंचानं उचलायचे. पंच मी. दहा मिनिटांत ज्यानं डाव टाकला नाही, त्याचा डाव गेला.

तिसरा गडी ओमप्रकाश राठोड. सेनगावकडच्या तांड्यावरचा, एस.टी.चा रिटायर कंडक्टर. त्याला इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं, पण रविवारी घरी बसलं की सून कामं सांगते, म्हणून तो पहाटेची गाडी धरून यायचा. त्याच्या वाट्याला कायम रशियन. पलटणी पुढं ढकलताना म्हणायचा, "चला, पुढं सरका, दारात गर्दी करू नका."

पंधरा वर्षं आम्ही तिघं असे लढलो. लोक हसायचे. हसू देत.

आता मुख्य गोष्ट. सैनिक शिशाचे होते, आणि शिसं मेलेल्या बॅटऱ्यांच्या प्लेटांचं. घराच्या मागच्या खोलीत दार लावून रत्नपाल लोखंडी शेगडीवर पळीत शिसं वितळवायचा आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायचा. वर गाडीचा रंग. अशी दीड हजार माणसं त्यानं ओतली. त्याची बायको मालनबाई म्हणायची, "ह्यांचा संसार आतल्या खोलीत. आमी नुसते भाडेकरू." मुलगी ज्योती लहान असताना त्याच खोलीत बापाशेजारी बसून टोप्या रंगवायची. मी स्वतः पाहिलंय. मी इतिहास शिकवला, रसायनशास्त्र नाही, असं म्हणून मला सुटता येत नाही. शिसं विषारी असतं एवढं मलाही ऐकून ठाऊक होतं.

मग रत्नपालचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. ब्रश धरता येईना. पोटात कळा यायच्या. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, अंगात शिसं भरलंय, हे काम आजपासून बंद, आणि गरोदर बाई, लेकरू यांना त्या खोलीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. त्यानं घरी सांगितलं, नस दबली आहे. मलाही तेच सांगितलं. खरं कळलं असतं तर मालनबाईनं अख्खी फौज उकिरड्यावर नेऊन ओतली असती, ही भीती.

वर्षानं ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आधी एक गर्भ पडला होता, म्हणून सातव्या महिन्यातच आणली. तिला कुठली खोली द्यायची? मागची. वारा लागत नाही, न्हाणीघर लागून. रत्नपालनं सगळं सामान दुकानात हलवलं, खोली स्वतःच्या हातानं झाडली, चुना दिला. कोरड्या झाडूनं झाडली. तीन दिवस धूळ उडत होती. झालं स्वच्छ, असं त्याला वाटलं. शेगडी तेवढी माळ्यावर टाकली.

मुलगी झाली. ऐश्वर्या. डिसेंबरचे शेवटचे दिवस, थंडी बऱ्यापैकी. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेक-शेगडी ठेवतात, निखाऱ्यांवर ओवा टाकतात. मालनबाईला माळ्यावरची जाड लोखंडाची शेगडी सापडली. नवी कशाला आणायची? आम्ही बौद्ध, विटाळ मानत नाही असं चारचौघांत सांगतो. पण बाळंतिणीच्या खोलीत बापानं सव्वा महिना जायचं नाही, हे कुणी मोडत नाही. रत्नपालनंही मोडलं नाही. बाजेखाली कुठली शेगडी जळते आहे हे त्यानं पाहिलंच नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत नेपोलियन आणि रशियनांमधली आयलाऊची लढाई मांडली. अठराशे सातचा फेब्रुवारी, बर्फ, दोन्हीकडून मिळून दीड लाखाच्या आसपास माणसं, आणि शेवटी कुणी जिंकलं म्हणावं असं काही नाही. रत्नपालची कधीपासूनची इच्छा होती. बर्फ म्हणून जिनिंगमधून आणलेला कापूस टेबलभर पसरला होता, तो उडू नये म्हणून पंखा बंद.

बाळ चार दिवसांपासून दूध ओढत नव्हतं. अंग टाकायचं, मध्येच दचकायचं. गल्लीतल्या डॉक्टरनं गॅस म्हणून थेंब दिले होते. मालनबाईचं म्हणणं, थंडी बसली. म्हणून तिनं शेक वाढवला होता.

"उद्या नांदेडला दाखवून आणा," मी म्हटलं.

"उद्या जाऊनच राहिलो, मॅडम," रत्नपाल म्हणाला. आजचा दिवस जाऊ द्या, असा त्याचा अर्थ. मी पुढं काही बोलले नाही. मलाही लढाई बघायची होती.

साडेअकराला हिमवादळ सुरू झालं. म्हणजे नियमाप्रमाणं मी तसं जाहीर केलं. खऱ्या लढाईत ओझरो नावाच्या फ्रेंच सेनापतीची तुकडी वादळात वाट चुकली होती आणि आंधळ्यासारखी चालत थेट रशियन तोफांसमोर गेली होती. खेळात ती कुठं भरकटणार हे फासा ठरवतो. रत्नपाल डाव्या हातानं फासा हलवत होता, आणि तेवढ्यात मालनबाई शेगडी घेऊन बाहेर आली. दारातच ती ठेवून चिमट्यानं राख काढायला बसली.

"हे काय वो," ती म्हणाली, "राखेत मणी मणी निघून राहिले."

ओमप्रकाशनं वाकून बघितलं. "सोनं असन वहिनी, वाटून घ्या."

डाळीएवढे चकचकीत थेंब. रत्नपाल उठला, एक उचलला, अंगठ्याचं नख त्यावर दाबलं. नखाची खूण उमटली. ती खूण मी पाहिली. त्याचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, डावाचा विचार करतोय.

"ही शेगडी कुठून काढली?"

"माळ्यावरून. काहून?"

"किती दिस झाले?"

"पहिल्या दिसापासून. का बरं?"

"आता आत नेऊ नको. ऊन पडलंय." एवढं बोलून त्यानं तो मणी खिशात टाकला आणि टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, थांबा जरा," तो म्हणाला.

"लघवीला जायचं असेल तर जा, नाहीतर फासा टाक. सात मिनिटं झाली," मी म्हणाले.

त्यानं फासा टाकला.

तीन डाव झाले, पाऊण तास गेला. तुकडी सरळ तोफांवर चालत गेली. तो तिला वळवण्याचे हुकूम देऊ शकत होता, प्रत्येक डावाला एक संधी होती, पण मी विचारलं की तो नुसता म्हणायचा, "पुढं." ओमप्रकाश खूश. "पाईकराव, डबल बेल दिली का काय? थांबवा की गाडी." मी मेलेले उचलत होते. कापसावर लाल-निळी माणसं तीस, मग अकरा, मग चार. शेवटची चार मी डब्यात टाकली तेव्हा तो खुर्चीवर बसला.

"मालन, ज्योतीला उठव. आत्ताच्या आत्ता नांदेडला जायचं. त्या शेगडीत मी शिसं वितळवत व्हतो. ते विष असतंय. डॉक्टरनं मला मागच्या सालीच सांगितलं व्हतं."

 मालनबाई हातातलं काम टाकून आत गेली. ओमप्रकाश रस्त्यावर जाऊन जीप घेऊन आला. त्या माणसाबद्दल मी काहीही बोलत असले तरी जीप त्यानं पाच मिनिटांत आणली.

वाटेत बाळाला फिट आली. पुढचे अठरा दिवस मी सांगत बसणार नाही. औषध हैदराबादहून मागवावं लागलं. शिसं पोटात गेलंय हे रत्नपालनं दवाखान्याच्या दारातच सांगितल्यामुळं डॉक्टरांचा शोधण्याचा वेळ वाचला, हेही खरं. बाळ वाचलं. आता ते चौदा महिन्यांचं आहे. आधाराशिवाय बसत नाही. हाक मारली तर मान वळवत नाही.

बाळाच्या डॉक्टरबाईंना मी एकदा गाठून विचारलं की तो पाऊण तास आधी निघालो असतो तर? त्या म्हणाल्या, काही फरक पडला नसता. नुसती शेगडी नाही, ती धूळ, ती खोली, आणि ज्योतीच्या स्वतःच्या हाडांत लहानपणापासून साठलेलं शिसं. ते पोटातच बाळाकडे गेलं. मला त्या उत्तरानं बरं वाटलं, हे लपवत नाही.

ज्योतीचं सासर नांदेडातच, ती दवाखान्यातूनच तिकडं गेली. माहेरच्या उंबऱ्याला तिनं पाय लावला नाही. रत्नपालनं दुकान विकलं. फौज मी आणि ओमप्रकाशनं हातमोजे घालून पत्र्याच्या पिंपात भरली, वर सिमेंट ओतलं. नाल्यात टाकायची नाही, वितळवायची नाही, कुणाला द्यायची नाही, मग दुसरं काय करणार.  नंतर ओमप्रकाश वसमतला यायचा बंद झाला.

रत्नपाल मात्र दर गुरुवारी नांदेडला जायचा. तिथल्या दवाखान्यात असल्या मुलांना व्यायाम देतात, ज्योती गुरुवारी ऐश्वर्याला घेऊन यायची. हा बाहेरच्या बाकावर बसायचा. ती येताना बघायची, जाताना बघायची, बोलायची नाही. उठून जा असंही म्हणायची नाही. आठ महिने असेच गेले. एवढ्यावर तो जगत होता. मुलीनं एकदा बोलावं आणि नात एकदा मांडीवर द्यावी, याच्याखेरीज त्याला काही नको होतं.

मागच्या महिन्यात माझं डोळ्यांचं काम होतं म्हणून मी त्याच्याबरोबर गेले. बसमध्ये त्याला म्हटलं, "मालनबाईनं ज्योतीला सगळं सांगितलंय. ती कधीतरी विचारणारच. तेव्हा सांग, की मणी बघितला पण लगेच लक्षात आलं नाही. खोटं बोलून कुणाचं नुकसान नाही."

"बघू," तो म्हणाला.

ज्योती बाहेर आली आणि त्या दिवशी बाकासमोर थांबली. बाळ खांद्यावर झोपलं होतं.

"बाबा, राख बघितल्यावर किती वेळ खेळलात?"

रत्नपाल उभा राहिला. लोंबता हात त्यानं दुसऱ्या हातात धरला. "तीन डाव. पाऊण तास."

"ओळखलं नव्हतं तुम्ही?"

"ओळखलं व्हतं."

"मी ह्याला सांगितलं होतं फासा टाक म्हणून," मी म्हणाले. "हा थांबा म्हणत होता."

"मॅडम, तुम्ही नका बोलू," ज्योती म्हणाली. आवाज चढवला नाही.  "मग काहून खेळलात, बाबा? पाच पावलांवर होते मी. हाक मारायची होती."

"जोवर बोललो न्हाई तोवर ती नुसती राखच व्हती, माय. बोललो असतो की ते खरं झालं असतं."  "मला भ्या वाटलं."

"मला बी वाटतं रोज," ती म्हणाली. तिनं बाळाची टोपी नीट केली. "तुम्ही न्हाई ओळखलं म्हणाला असता, तर मी मानलं असतं. खरंच मानलं असतं. तेच धरून बसले होते मी आठ महिने."

रत्नपालनं हात पुढं केला नाही. नुसता बाळाच्या पाठीकडे बघत होता.

"पुढच्या हप्त्यापासून आम्ही गुरुवारी येत न्हाई," ज्योती म्हणाली. "वार बदलून घेतलाय."

"कोणता घेतला?"

तिनं रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली, ती आत बसली, बाळाचं डोकं दाराला लागू नये म्हणून आडवा हात धरला. वार काही तिनं सांगितला नाही. रत्नपाल दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपाशी जाऊन विचारू शकला असता, तिथल्या बाईनं सांगितलंही असतं. मी त्याला म्हटलं, "जा, विचारून ये. मी थांबते."

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "तिनं सांगायचं ते सांगितलं."

साडेचारच्या गाडीनं आम्ही वसमतला आलो.