नाव झाकून दिलेला नकार

शिलाई मशीन बनवणाऱ्या त्या कंपनीत कुणाला बाहेर दुसरं काम करायचं असलं, की परवानगीचा अर्ज तिच्याच टेबलावर यायचा. कर्मचारी विभागात एकवीस वर्षं काढलेली बाई. वशिल्याला वावच नको, म्हणून अर्जदाराच्या नावावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून वाचायची आणि निर्णय लिहून झाल्यावरच पट्टी उचलायची. "बरं झालं, माझं स्थळ अर्जातून आलं नाही," नवरा चिडवायचा, "नाहीतर मी नामंजूरच!" तिला त्यातही कौतुकच ऐकू यायचं.

त्या सोमवारी सात अर्ज होते. सहा जणांनी 'शिकवणी', 'घरच्या दुकानात मदत' असं मोघम लिहिलेलं, ते सुटले. सातव्यात 'कंपनीच्या धंद्याशी संबंध आहे का?' यापुढे ठसठशीत अक्षरात होतं, 'आहे. दर रविवारी अंध मुलींच्या शाळेत मशीन दुरुस्त करतो, चालवायला शिकवतो.' नियम स्पष्ट होता: धंद्याशी संबंध असलेल्या बाहेरच्या कामाला परवानगी नाही. तिने 'नामंजूर' लिहिलं, सही केली आणि पट्टी उचलली. नाव तात्यांचं, जुळणी विभागातल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकचं. तिला चुटपुट लागली. पण नाव बघून निर्णय फिरवायचा, तर इतकी वर्षं केलं ते काय?

दुपारी कँटीनमध्ये तात्याच समोर आले.

"ताई, खोटं लिहायला हवं होतं का हो मी?"

"तसं नाही, तात्या. साहेबांकडे दाद मागा ना."

"छे! तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला."

तात्या शब्दाचे पक्के. रविवारी जायचे बंद झाले.

चार महिन्यांनी पॅकिंगमधली बाई सहज बोलून गेली. तिची भाची त्याच शाळेत, तात्यांकडे फुकट शिकायची. बिघडलेल्या मशीनची सुई एका मुलीच्या बोटात गेली आणि शाळेने शिवणाचा वर्गच बंद केला.

ती तडक तात्यांचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "फुकट शिकवण्यात कसला आलाय हितसंबंध? त्यांना बोलावून विचारलं नाहीत?"

परवानगीचं पत्र घेऊन ती स्वतः जुळणी विभागात उतरली. तात्यांनी तेलकट हात पुसले, पत्र नीट वाचलं.

"मशीनं देऊन टाकली हो शाळेनं. मुलीही पांगल्या." मग तिच्या हातातल्या दुसऱ्या प्रतीकडे पाहून म्हणाले, "पोच हवी असेल ना तुम्हाला?"

हवी होती. तिने पेन पुढे केलं आणि त्यांची सही होईपर्यंत मान खाली घालून उभी राहिली.