व्याह्यांनी मागितलेला कान

माझ्या व्याह्यांइतका विजेला भिणारा माणूस अख्ख्या बदलापुरात झाला नसेल, आणि विजेशिवाय दुसऱ्या कशालाही त्यांनी जन्मभर मनापासून हात लावला नाही. हातसुद्धा एकच, उजवा. डावा कायम पँटच्या खिशात. जुन्या टीव्हीच्या पोटात पिक्चर ट्यूबला पंधरा हजार व्होल्ट जातात. दोन्ही हात आत घातले तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्यात उतरतो, म्हणून एक हात बाहेर, हा त्यांचा धर्म. तो इतका अंगात मुरला होता की माझ्या मुलीच्या लग्नात व्याहीभेटीला त्यांनी मला मिठी मारली तीही एकाच हाताने. आमच्या मंडळींना वाटलं, मानपानात काही कमी पडलं. बंद सेटलाही ते तितकेच भ्यायचे. ट्यूबमधला साठलेला करंट तारेने दोनदा उतरवायचे आणि तरी तिसऱ्यांदा लांबून बघायचे. "झोपलाय, मेला नाहीये," म्हणायचे. मागचं झाकण उघडं असलं की बेलवलीच्या घरातल्या ज्या बंदिस्त गॅलरीत ते टीव्ही दुरुस्त करायचे तिथे कुणाला प्रवेश नव्हता; विहीणबाई चहा उंबऱ्याशी ठेवून परत जायच्या. आत जायची परवानगी मला एकट्याला होती, कारण मी अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर होतो. "शिकलेला माणूस," ते सगळ्यांना सांगायचे. मी ते कधी नाकारलं नाही.

मीटर त्यांच्याकडे होता, पण विश्वास कानावर. टीव्ही चालू झाला की आतून एक बारीक शिट्टी येते, कानात टाचणी टोचावी तशी. शिट्टी आहे आणि पडदा काळा, तर दोष पुढे, हाय व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा ट्यूबमध्ये. शिट्टीच नाही, तर दोष अलीकडे, एखाद्या किरकोळ पार्टमध्ये. वयाबरोबर ही शिट्टी ऐकू येईनाशी होते. त्यांना ती येईनाशी झाली तेव्हा त्यांनी ते घरभर जाहीर केलं, आणि मला म्हणाले, "माझा कान गेला, व्याही. तुमचा उसना द्या."

मशीनच्या आवाजात तीस वर्षं काढलेला माझा कान त्यांच्याही आधी गेला होता. पण ते सूनबाईच्या बापाला विचारत होते, ऑफिसरला विचारत होते. मी म्हणालो, "द्यायचा काय त्यात, घ्या." पहिले दोन सेट माझ्या अंदाजावर नशिबाने लागले.

मग उल्हासनगरच्या एका सिंधी फर्निचरवाल्या शेठनी वडिलांच्या वेळचा टीव्ही आणला, लाकडी शटरचा. शोरूममध्ये चालू ठेवायचा होता. "हा माझा शेवटचा," व्याही म्हणाले. "हा लागला की नाव राहील." सेट लावला. पडदा काळा. हाताला कंप सुटल्यापासून आत हाय व्होल्टेज येतंय का ते स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून बघणं त्यांनी सोडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शिट्टी?"

"आहे की. बारीक आहे."

त्या चार शब्दांवर त्यांनी चार महिने घालवले. विठ्ठलवाडीच्या भंगारातून ट्रान्सफॉर्मर शोधून आणला, बसवला. पडदा काळा. दुसरा आणला. शेवटी चांगली ट्यूब बाद ठरवली. प्रत्येक वेळी मला विचारलं आणि प्रत्येक वेळी मी डोळे मिटून, मान कलती करून ऐकल्याचं सोंग केलं. आता मागे कसं फिरायचं, एवढाच विचार तेव्हा मनात असे.

शेठ कंटाळले आणि सेट घेऊन गेले. आठवड्याने स्वतः मिठाई घेऊन आले. "साईं, बुरा मत मानना," ते म्हणाले, "आधे घंटे का काम था. छोटा ट्रान्झिस्टर. अब आप आराम करो." व्याह्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी बशी उचलून चहा प्यायलो.

त्यांनी सगळी हत्यारं विकली. गॅलरीत वॉशिंग मशीन आलं. घरात एखादं बटण बिघडलं तरी जावई बाहेरचा माणूस बोलवायचे, आणि व्याही खुर्चीत बसून बघायचे. ते मला सहा महिने बघवलं. मग एका दुपारी घरात कुणी नसताना मी सगळं सांगून टाकलं. ते चिडतील असं वाटलं होतं.

"पोरांना सांगू नका," ते म्हणाले. "मी चुकलो हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. तुमचं नाव निघालं तर सूनबाईला या घरात खाली बघावं लागेल."

मी ऐकलं. इतकी सोयीची विनंती मला आयुष्यात कुणी केली नव्हती. गेल्या वर्षी ते गेले. भेटायला आलेले शेठ हळहळून म्हणाले, कारीगर मोठा, पण शेवटी नजर गेली होती. तेव्हाही मी गप्प बसलो.

ते चुकले नव्हते. मुलगी हे वाचेल, जावई वाचतील. तिला खाली बघावं लागेल की नाही, मला माहीत नाही. व्याही असते तर त्यांनी हा कागद माझ्या हातातून काढून घेतला असता, आणि मी तो दिलाही असता.