दोन ते चार, बाहेरून कुलूप

चाकणच्या पुढे एका वस्तीत मुलांना शिकवायला जायचं, हे ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ठरलं. तो आदल्या शनिवारी जाऊन आला होता. "एकदा जाऊन ये राव, बरं वाटतं," म्हणाला. एकदाच जायचं तर अवघड काय, असं मला वाटलं.

थेरगावहून जाणाऱ्यांनी साडेदहालाच निघावं. डांगे चौकातून भोसरी, तिथून चाकणची बस. मोशी ओलांडली की कंटेनर एकामागे एक उभे. मला सव्वादोन तास लागले. तळेगाव चौकात मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव शिळा. पुढे शेअर रिक्षा, माणशी तीस रुपये, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती.

वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या चार ओळी. दोन वाजून गेले होते. माणूस दिसत नव्हता, दारांना कुलपं होती. एका कुलपामागून खोकला आला. मी थांबलो. शेजारच्या बंद दारामागे कुणीतरी पाढे म्हणत होतं.

वर्ग चालवणाऱ्या मावशी जुन्या गावातल्या. हातात चाव्यांचा जुडगा घेऊनच आल्या.

"आई दोनच्या बसनं सेकंड शिफ्टला जाती, बाप फर्स्ट करून चारला येतो," त्यांनी सांगितलं. "मधी पोरं आत. शाळेचा दाखला गावाकडं अडकलाय."

"कुलूप लावून?"

"मग काय, कंटेनरखाली सोडू?"

चाव्या आईबाप मावशींवर विश्वास ठेवून देतात. मावशी दारं उघडतात, मुलांना टोकाच्या रिकाम्या खोलीत शिकवतात आणि चारला बापांच्या हवाली करतात. अकरा खोल्या उघडल्या. बाराव्या खोलीची चावी कुलपात शिरेना.

"मावशी, कुलूप नवं हाय," आतून आवाज आला. "आज तुमालाच बाहेर कोंडलंय."

आत आरती होती, नऊ वर्षांची, आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ. खिडकी वहीएवढी, तिला जाळी. जाळीतून मला पेटलेली शेगडी दिसली, तिच्यावर दूध, आणि वर दोरीवर वाळत घातलेली साडी. पंख्याच्या वाऱ्याने साडीचं टोक भांड्यापर्यंत येत होतं, मागे जात होतं.

मावशींनी आवाज चढवला नाही. "आरती, आधी गॅस बंद कर. टाकीवरचं बटण."

"दूध व्हायचंय."

"नासू दे."

ती खाली वाकली. फार वेळ वाकलेली राहिली. मग ज्योत गेली.

"कुलूप तोडू या," मी म्हणालो.

"तोडा की. उद्या बाराही खोल्यांना नवी कुलपं दिसतील."

मग वर्ग खिडकीखालीच बसला. मी हातच्याची वजाबाकी घेतली. आरती पाटी जाळीला लावून दाखवायची. मी पाटीकडे कमी, तिच्या मागे फिरणाऱ्या भावाकडे जास्त पाहत होतो. तो शेगडीशी गेला की माझं गणित चुकायचं. पत्रा तापला होता. कुणाकडे चावी नव्हती आणि चार वाजायला सव्वा तास होता.

चारला बाप आला. कंपनीचा शर्ट, हातात डबा. कुलूप उघडलं आणि दारातच उभा राहिला. मावशींनी शेगडीचं सांगितलं.

"तुमी त्या फोटूवाल्या सरांचे का?" त्याने मला विचारलं. "कंपनीत लाईनवरच्या पोराच्या मोबाईलमधे माझं लेकरू दिसलं. मागं रूमचा नंबर. दोन ते चार एकटी राहती म्हणून खाली लिहिलेलं. काय करावं मी?"

"त्यांच्याच ऑफिसातला आहे मी," मी म्हणालो.

"या सायबांचा काय दोष? चावी दे की मला," मावशी म्हणाल्या.

तो माझ्याकडेच पाहत होता. "तुमी फुडच्या शनिवारी येताव का?"

"बघतो," मी म्हणालो.

त्याने चावी खिशात टाकली. "मग मीबी बघतो."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. सहकाऱ्याला फोन केला. त्याने आपल्या पोस्टमधला तो फोटो लगेच डिलीट केला. "चांगल्याच हेतूने टाकला होता रे," म्हणाला. ते खरंच होतं. किती मोबाईलमध्ये तो आधीच गेला असेल, हे त्यालाही माहीत नव्हतं.

म्हणून या पोस्टला फोटो नाहीत. वस्तीचं नाव दिलेलं नाही, मुलीचं बदललं आहे. तुम्हाला जायचं असेल तर एकदा म्हणून जाऊ नका. तिथली माणसं दार उघडतात ते तुम्ही परत याल या हिशोबाने. न येणाऱ्याचं काही बिघडत नाही, दार मात्र बंद होतं.

काल मावशींना कळवलं, दर शनिवारी येतो. आज त्यांचं उत्तर आलं: "त्याला सांगितलं. चावी न्हाई दिली अजून. या, खिडकीशी बसू."

आज मंगळवार. आत्ता दुपारचे अडीच वाजले आहेत.