चौगुले मॅडमची उलटतपासणी

चौगुले मॅडम कुठल्याही घरात शिरल्या की आधी सासूचा बीपी तपासायच्या. "आजी, जरा वाढल्यागत वाटतोय. चला, अंगणात वाऱ्याला बसा," म्हणत तिला माझ्या हवाली करायच्या, दार लोटायच्या आणि मग सुनेशी बोलायला बसायच्या.

सांगलीच्या एका संस्थेत मी त्यांची मदतनीस होते. मनाच्या आजाराची लक्षणं ओळखायची एक चाचणी, म्हणजे प्रश्नावली, मराठीत आणली होती. माणसानं स्वतःची उत्तरं स्वतः द्यायची. मग मॅडमनी त्याच माणसाशी निवांत बोलून कागद खरा आहे का ते पडताळायचं. पण आमचे साहेब प्रश्न ओसरीवर, सगळ्या घरादेखत वाचायचे. "जगणं नकोसं वाटतं का?" सून तोंड उघडायच्या आत सासू गरजायची, "आमच्या घरात असलं काय न्हाई!" की लिहा, 'अजिबात नाही'. शी! आणि ह्याला म्हणे स्वतःचं उत्तर.

"सर, तुमी सुनेचं मन न्हाई, घराची अब्रू मोजताय," मॅडम तोंडावर सांगायच्या. साहेब नुसते हसायचे. ते हसू आठवलं की अजून मला किळस येते.

तासगावजवळच्या एका मळ्यात सुनंदा भेटली. कागदावर गुण शून्य, म्हणजे बाई ठणठणीत. दार लोटल्यावर म्हणाली, "विहिरीकडं पाय वडत्यात, बाई. लेक झोपली की जाते, काठावर बसते, परत येते." मॅडमनी तिला आणि लेकीला तसंच जीपमध्ये घातलं आणि सांगलीला दवाखान्यात नेलं. सासू मागून ओरडत होती, "इज्जत घालवली आमची!"

"आवं, सून ऱ्हाईली तर इज्जतीचं बघू!" मॅडम जीपमधून म्हणाल्या.

साहेबांना चाचणी मंजूर करून घ्यायची घाई. जिथं कागद आणि मुलाखत जुळेना, तिथं त्यांनी मुलाखतच खोटी ठरवली. "बायका भावनेच्या भरात काहीही बोलतात," म्हणे! सुनंदा वॉर्डात आणि अहवालात मात्र ठणठणीत. मॅडमनी सही करायला साफ नकार दिला, तर त्यांनाच घरी बसवलं. निर्लज्ज लेकाचे!

शेवटच्या दिवशी मी रडकुंडीला आले. "मॅडम, असं सोडून जायचं होय?"

"सोडतीय कुठं? सुनंदाला आज डिस्चार्ज हाय. सासरी जायचं का माहेरी, तिचं तिला कोण विचारणार? सगळी मिळून ठरवत्याली." पिशवी उचलून त्या निघाल्यासुद्धा.

आत ऑफिसात चाचणी मंजूर झाल्याचे पेढे आले होते. "घ्या, तुमचीही मेहनत आहे," म्हणत साहेबांनी एक माझ्या तोंडात कोंबला. मी बेसिनपाशी जाऊन तो थुंकले, खळखळून चूळ भरली आणि मॅडमना गाठायला दवाखान्याकडे पळत सुटले.