चाचाचं दार

सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या कॅरवॅन येतात. म्हणजे गाडीमागे ओढायची, चाकांवरची घरं. तेलाच्या कामावर आलेल्या गोऱ्या साहेबांनी कधीकाळी आणलेली आणि जाताना वाळवंटात टाकून दिलेली. आता इथल्या शौकिनांना त्यांचं वेड लागलंय. मी चिपळूणकडचा, पत्र्याचं आणि रंगाचं काम माझ्याकडे.

लाकडाच्या कामाला म्हातारा चाचा होता. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, बाप होड्या-मचवे बांधणारा. सौदीत मात्र या वर्कशॉपमध्ये येईपर्यंत त्यानं जन्मभर शटरिंगची सुतारी केली. काँक्रीट ओतायला फळ्यांचा साचा ठोकायचा, ते सुकलं की फळ्या उचकटायच्या आणि पुढच्या साइटवर न्यायच्या. यान्बूपासून इथपर्यंत इतक्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यात चाचाचा म्हणावा असा एक खिळा नाही. तो हे हसत सांगायचा आणि मला ऐकून राग यायचा. माणसानं मरमर मरावं आणि खूण म्हणून काही उरू नये, ही काय रीत झाली?

मग ती क्रीम रंगाची कॅरवॅन आली. छपराच्या लाकडाचं कुजून पीठ झालेलं, बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. मी जुन्या कॅरवॅन जपणाऱ्या परदेशातल्या हौशी म्हाताऱ्यांना फोटो पाठवून पाठवून भंडावलं, तेव्हा कुठे आतल्या जोडणीचे जुने फोटो हाती लागले. ते बघून चाचा म्हणाला, ही तर पालथी घातलेली होडी आहे.

आणि होडी म्हटल्यावर त्यानं ती होडीसारखीच बांधली. छपराच्या प्रत्येक सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरला. दार तर असं बसवलं की लावताना आतली हवा फुस्स करून बाहेर पडायची. साखरेनं त्याचे पाय सुजलेले, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत आलेला, घरचे परत ये म्हणून मागे लागलेले. पण दार बसल्याशिवाय त्यानं एक्झिटचं, म्हणजे कायमचं घरी जायचं, नाव काढलं नाही. म्हणाला, "हे तरी कोण उचकटणार नाही." शेवटी निघाला तेव्हा विमानतळावरसुद्धा मला त्या कापसाबद्दलच बजावत होता.

कॅरवॅनच्या मालकानं ती रियाधजवळच्या आपल्या बागेत नेली. खोबरला समुद्राची दमट हवा, लाकूड फुगून सांधे घट्ट बसलेले. रियाधची हवा खडखडीत कोरडी. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, हे चाचाच्या रक्तात होतं. जिथं पाणीच नाही तिथं ते आटेल, हे आम्हा दोघा कोकण्यांच्या डोक्यात आलंच नाही. सांधे उघडले. त्यात हिवाळ्यात पाऊस कोसळला आणि आतल्या गाद्यांचा लगदा झाला.

कॅरवॅन परत आली. मालक म्हणाला, लाकूड खलास, अ‍ॅल्युमिनियम घाला. मी भांडलो, फटी पुन्हा भरून देतो म्हटलं, पण तो ऐकेना. दार तेवढं धड होतं, ते मी हट्टानं ठेवायला लावलं. बाकी सगळं उचकटलं, माझ्याच हातांनी. रडलो मी, सांगायला लाज कसली.

चाचाचा फोन आला तेव्हा माझ्यानं खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रायलं का रे काय?"

"दार राहिलंय, चाचा."

"दार ना? मग बरं झालं. दाराला माणसं हात लावतात."

पुढच्याच पावसाळ्यात चाचा गेला. मला रजा मिळाली नाही, मातीला जाता आलं नाही. त्या रजेचा राग अजून गेलेला नाही.

कॅरवॅन आता मालकाच्या बागेत मांडवाखाली उभी असते. पाहुणे येतात, फोटो काढतात, आत कोणी बसत नाही. भोवती जाड दोरी बांधलीय आणि पाटी लावलीय, हात लावू नये म्हणून. अधूनमधून मला चाकं तपासायला पाठवतात. चाकं गेली चुलीत. मी आधी दोरी ओलांडतो, चाचाच्या दारावर तळवा ठेवतो, ते उघडतो आणि लावतो. लाकूड आटलंय, तो फुस्स आवाज आता येत नाही. चौकीदार लांबून ओरडतो. बोंबलू दे त्याला. मी पुन्हा एकदा उघडून लावतो.