आबांचे दोन गाल

चाकणच्या एमआयडीसीत आमची प्रयोगशाळा आहे. बाहेरून पाहिलं तर गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या शेजारच्या शेडसारखीच शेड; आत पांढरे उंदीर. माणसाला औषध देण्याआधी ते उंदराला देऊन पाहायचं, हे आमचं काम. हे सांगितलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग विचारतात, चावतात का? चावतात. न चावायला ते काय पाहुणे आहेत?

मागे आमच्याकडे तोंड येण्यावरचं एक जेल तपासायला आलं होतं. उंदराला आपणहून तोंड येत नाही, ते आणावं लागतं. त्याला भूल द्यायची आणि आम्लात भिजवलेली कागदाची गोल चकती गालाच्या आत जराशी टेकवायची. दुसऱ्या दिवशी तिथे पांढुरका व्रण तयार. मग काही उंदरांना औषधाचं जेल लावायचं, काहींना बिनऔषधाचं, आणि व्रण मोजत राहायचं. गंमत अशी, की बिनऔषधाचेही बरे होतात. जरा उशिरा, पण होतात.

हे मी घरी जेवताना सांगितलं. आमच्या घरात माझे आईवडील आणि मी. वडील, म्हणजे आबा, वर्कशॉपमध्ये टर्नर होते; लेथवर व्हर्नियरने मापं घेण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना मोजण्याचा भाग फार आवडला.

"उंदराच्या तोंडात व्हर्नियर घालतीस व्हय? आन् त्यो गप बसतो?"

"भूल देतो, आबा."

"मंग ठीक हाय."

त्याच सुमाराला आबांच्या डाव्या गालात आतून एक फोड होता आणि तो हटत नव्हता. "तोंड आलंय," म्हणायचे. आपल्या भाषेने ही मोठी सोय करून ठेवली आहे. ताप येतो, तसं तोंड येतं, आणि आलेलं कधीतरी जातंच. उष्णता झाली म्हणून आई त्यांना ताक पाजायची, जाईचा पाला चावायला द्यायची. मी डॉक्टरकडे चला म्हणत होते, तर आबांनी माझंच बोलणं माझ्यावर उलटवलं.

"बिनऔषधाचं उंदीर बी बरं हुत्यात, तूच सांगितलं न्हवं? मी त्यातलाच एक."

मी भडकले. "आबा, आम्ही उंदराला जखम एकदाच करतो. तुम्ही रोज करताय!"

कारण त्याच गालात उठल्यापासून झोपेपर्यंत चुना लावलेल्या तंबाखूचा बार असायचा. त्यावर त्यांनी मोरीत जाऊन तोंडातला बार थुंकला. मला वाटलं, पटलं. थोड्या दिवसांनी आई म्हणाली, अगं, आता उजवीकडे ठेवतात. मी विचारलं तर म्हणाले, "डाव्या गालाला सुट्टी दिली हाय." शिफ्ट लावणाऱ्या सुपरवायझरच्या थाटात! कप्पाळ माझं. हसू आलं आणि हसू आल्याचाच जास्त राग आला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांची खरी भीती वेगळी होती, ती मला आईकडून उशिरा कळली. डॉक्टर तपासायला गालाचा तुकडा काढणार, आणि तुकडा काढला की आतलं पसरतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गावात सगळेच असं म्हणतात. समजावून माझं तोंड दुखलं. मग एकदा त्यांनीच विषय काढला.

"तुमी उंदराचा तुकडा काढता का?"

"काढतो. शेवटी सगळ्यांचाच. वरून भरलेला दिसणारा व्रण आतून कच्चा असू शकतो. कापून पाहिल्याशिवाय नाही कळत."

"आन् उंदीर?"

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. "त्याला आधी मारतो."

"म्हंजे माझा जित्तेपणी काढनार. तेवढं तरी बरं हाय," आबा म्हणाले आणि उठून शर्ट घातला.

चिंचवडच्या डॉक्टरबाईंनी डाव्या गालावरून बोट फिरवलं. फोडाची कड कडक लागते आहे म्हणाल्या. मग बॅटरी उजवीकडे नेली आणि तिथेच धरून ठेवली. तिथेही एक पांढरा चट्टा होता. आबांनी डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "दोनीकडचं काढा," म्हणाले.

उजवीकडचा चट्टा साधा निघाला. डावीकडे कॅन्सर होता. गालाचा तेवढा भाग काढून तिथे हाताची कातडी लावली. मी रजा टाकून त्यांच्याजवळ बसायचे. मी खूप घाबरले होते, हे आता सांगायला हरकत नाही. तिकडे प्रयोगशाळेत जेलचा अभ्यास संपला होता. निकाल चांगले आले म्हणून कंपनी खूश होती.

आबा घरी आले तेव्हा शब्द जाड निघायचे. मऊ भात भरवताना त्यांनी विचारलं, "तुजं ते औशद पास झालं का?"

"झालं."

"कुनाला द्यायचं त्ये?"

"तोंड आलेल्यांना. चार दिवस लवकर बरं वाटतं."

"म्हंजे ज्यांचं तसंबी बरं हुतं, त्यास्नी."

मी मान हलवली.

"आन् ज्यांचं हुत न्हाई?"

"त्यांच्या औषधाचे उंदीर वेगळे असतात, आबा," मी म्हणाले. "ते आमच्याकडे नाहीत."